वाचकांचे प्रश्न : राखणीचा कुत्रा आणि पांदणीवरची वर्दळ

प्रश्न : आमचे वावर पांदणीला लागून आहे. रानडुकरे आणि रोही यांच्यापासून राखणीसाठी तीन वर्षांपूर्वी गावठी कुत्रा पाळला. दिवसा तो गोठ्याच्या दाराशी आखूड साखळीने बांधलेला असतो, रात्री मोकळा असतो. पंधरा दिवसांपूर्वी सालदाराने त्याला संध्याकाळीच सोडले आणि सायकलवरून जाणाऱ्या एका शाळकरी मुलाच्या पोटरीला तो चावला. गावकरी म्हणतात, त्याला जंगलात सोडून या. वडील म्हणतात, राखणीचा कुत्रा चावणारच. कपाशीच्या वेचणीला बाया येतील. या वयात त्याला वळण लागेल काय?
— एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : आधी त्या मुलाविषयी. त्याला लस टोचली की नाही हे आपण लिहिलेले नाही, आणि टोचली नसेल तर आजच त्याला ग्रामीण रुग्णालयात घेऊन जा. चावल्याबरोबर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटे धुवायची असते. तिच्यावर तिखट किंवा चुना भरू नये. चाव्यानंतर दहा दिवस उलटूनही कुत्रा खातपीत ठणठणीत असेल तर ते चांगले लक्षण आहे. मात्र सुरू केलेली लस डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस देणे हे मालकाचे पहिले कर्तव्य आहे आणि मुलाच्या उपचाराचा खर्चही आपणच उचलावा.

वडिलांच्या म्हणण्यात राखण आणि चावा यांची गल्लत होते आहे. डुकरांचा कळप भुंकण्याने बिचकतो आणि जागलीवरचा माणूस त्या आवाजाने उठतो. अंगावर धावून जाणारा कुत्रा उलट सुळ्यांनी फाडला जातो. आपल्या कुत्र्याला माणसावर धावून जाणे शिकवले ते त्या आखूड साखळीने. पांदणीने कोणी आले की तो झेप घेतो, येणारा आपल्या वाटेने निघून जातो, आणि कुत्र्याची समजूत होते की आपण झेपावलो म्हणूनच हा पळाला. दिवसातून कितीतरी वेळा आणि तेही तीन वर्षे हाच धडा गिरवला गेल्यावर तो मोकळा सुटताच सायकलवरच्या हलत्या पायामागे लागला, यात नवल ते काय!

वळण लागेल, पण त्याला काही महिने द्यावे लागतील. पांदणीपासून दूर, गोठ्याच्या मागच्या अंगाला दोन खांबांमध्ये तार ताणून तिच्यावर सरकणाऱ्या कडीला साखळी अडकवा, म्हणजे त्याला सावलीत आणि पाण्यापर्यंत हिंडता येईल. (पट्टा धरून कुत्रा फिरवणे हे आपल्याकडे शहरी थेर समजले जाते, पण बैलालाही वेसण आणि कासरा लागतोच.) पट्ट्याने धरून त्याला पांदणीपासून इतक्या अंतरावर उभे करा की सायकल दिसावी, पण त्याचे अंग ताठ होऊ नये. सायकल दिसताच, तो भुंकण्याआधी, भाकरीचा तुकडा द्या आणि अंतर दिवसागणिक थोडेथोडे कमी करा. भुंकलाच तर पुन्हा मागे सरा. हे शिकवणे घरातल्या एकाच माणसाने करावे आणि सालदारालाही तसे बजावावे. गुरगुरल्याबद्दल त्याला मारू नका, कारण गुरगुरणे ही सूचना आहे, आणि मार खाऊन ती बंद झालेला कुत्रा न सांगता चावतो. कान किंवा दात दुखत असले तरीही कुत्रा चिडका होतो, म्हणून पशुवैद्यकाला एकदा दाखवून घ्यावे.

जंगलात सोडण्याचा विचार मात्र काढून टाका. उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी टाकून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे आणि कुत्र्याला अवाजवी आखूड साखळीने फार वेळ बांधून ठेवणे हाही त्याच कायद्याने गुन्हा ठरतो. दुसरीकडे, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये इतपत काळजी न घेणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सालदाराने सोडला, ही सबब पुरेशी ठरेल असे समजू नका.

वेचणीच्या दिवसांत बाया वावरात असेपर्यंत त्याला गोठ्यात बाहेरून कडी लावून ठेवा. बाहेर काढायचाच झाला तर तोंडाला मुसके बांधा, परंतु ते तोंड उघडून धापा टाकता येईल इतके सैल असावे. रात्री मोकळा सोडण्याआधी पांदणीच्या बाजूचे कुंपण पक्के करून घ्या. ते होईपर्यंत रात्रीही तो तारेवरच राहू द्या, तिथून भुंकला तरी डुकरांना ऐकू जाईल.