नोटरीच्या कागदाने लग्न सुटत नाही

प्रश्न : वकीलताई, माझं वय 31. सासर चाळीसगावकडचं. अडीच वर्षांपासून मी इथे नाशिकला सिडकोत भावाकडे राहते, सहा वर्षांची मुलगी माझ्याजवळ आहे. गेल्या वर्षी दोन्हीकडची मंडळी बसली आणि पाचशेच्या स्टॅम्पवर फारकतनामा झाला, नोटरीही केली. मला दोन लाख दिले आणि यापुढे पोटगी मागणार नाही असं लिहून घेतलं. आता सिन्नरचं स्थळ आलं आहे. मुलाकडचे म्हणतात, कागद आहे ना, मग अडचण कसली? मी लग्न करू शकते का? कागदाची झेरॉक्स सोबत पाठवते आहे.

उत्तर : ताई, आत्ता करू नका. तुमचं पहिलं लग्न कायद्याने अजून शाबूत आहे.

तुमची झेरॉक्स मी दोनदा वाचली. तीन पानं आहेत. दुसऱ्या पानावर लोखंडी कपाट एक, पितळी घागरी दोन, मिक्सर एक अशी परत केलेल्या सामानाची यादी आहे. तुमच्या मुलीचं नाव मात्र तिन्ही पानांत कुठेही नाही. पंचांना घागरी आठवल्या, पोर आठवली नाही. हे वाचून मला फार वाईट वाटलं.

नोटरीच्या शिक्क्याला लोक फार मान देतात. पण तो शिक्का एवढंच सांगतो की या सह्या या माणसांनी केल्या. लग्न मोडायचा अधिकार नोटरीला नाही, पंचांना नाही आणि तुम्हा दोघांच्या सह्यांनाही नाही. तुमचं लग्न हिंदू पद्धतीने झालं आहे, तेव्हा 1955 च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे कोर्टाचा हुकूमनामा लागतो. काही समाजांत काडीमोडीची जुनी रूढी आहे आणि कायद्याच्या कलम 29 ने ती राखली आहे. पण ती रूढी पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते. ‘आमच्यात चालतं’ म्हणून भागत नाही.

वकिलीच्या सुरुवातीला माझ्याकडे निफाड तालुक्यातल्या एक बाई आल्या होत्या. अशाच कागदावर सुटून त्यांनी दुसरं लग्न केलं, सोळा वर्षं संसार केला. नवरा वारला आणि त्या पेन्शनचा अर्ज घेऊन गेल्या, तेव्हा दिरांनी हाच कागद पुढे केला. पहिलं लग्न सुटलेलं नव्हतं, म्हणून दुसरं मुळातच रद्दबातल. मुलांचा औरसपणा कलम 16 मुळे टिकला, पण बाईंना ‘पत्नी’ म्हणून काही मिळालं नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला तो स्टॅम्प त्या मला पुन्हा पुन्हा दाखवत होत्या. शिवाय पहिलं लग्न कायम असताना दुसरं करणं हा गुन्हाही आहे.

आता मार्ग. नवरा तयार असेल तर कलम 13-ब खाली दोघांनी मिळून अर्ज करा. त्यासाठी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, ते तुमचं झालं आहे. अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. पण 2017 मध्ये अमरदीप सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दीड वर्षाहून जास्त काळ वेगळे राहिलेले असतील, पोटगी आणि मुलांचं सगळं मिटलेलं असेल आणि समेटाची आशा नसेल, तर हा काळ माफ होऊ शकतो. चाळीसगावला खेपा घालू नका. पत्नी राहते तिथल्या कोर्टात अर्ज चालतो, म्हणजे आपल्या नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयात. नवरा अडून बसला तर क्रूरतेच्या किंवा दोन वर्षांच्या त्यागाच्या (नवऱ्याने सोडून दिल्याच्या) कारणावर एकटीने दावा लावता येतो. तेव्हा मात्र तो हाच कागद दाखवून म्हणेल, बाई राजीखुशीने गेली. म्हणून बैठकीला कोण होतं, काय दबाव आला, हे आजच लिहून ठेवा.

पोटगीचं थोडं नाजूक आहे. पोटगीचा हक्क कायमचा सोडल्याचं कलम कोर्टं सहसा मानत नाहीत. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 मध्येच (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 125) असंही आहे की परस्पर संमतीने वेगळी राहणाऱ्या पत्नीला पोटगी नाही. समोरचा वकील त्यावर बोट ठेवणारच. मुलीला असली कुठलीच आडकाठी नाही. आईच्या सहीने लेकराचा हक्क जात नाही. तिच्या पोटगीचा अर्ज लग्नाच्या बोलणीआधी करा, हे माझं आग्रहाचं सांगणं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या रजनीश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही मिळकतीचं शपथपत्र द्यावं लागतं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात. महिनाभर उशीर म्हणजे मुलीचा एक महिना बुडाला.

वकिलाच्या फीची काळजी वाटत असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईला तिथे मिळकत न बघता मोफत वकील मिळतो. फोन 15100. आणि सिन्नरच्या मंडळींना खरं काय ते सांगा. माणसं चांगली असतील तर थांबतील.

प्रश्न : मी अंबड एमआयडीसीत वेल्डर आहे, वय 38, पगार 18,000. चार महिन्यांपूर्वी पाथर्डी फाट्याजवळ पिकअपने उडवलं. उजवं मनगट नीट वळत नाही. गाडीमालक 50,000 देतो म्हणतो, पण कोऱ्या कागदावर सही मागतो. घेऊ का?

उत्तर : दादा, सही करू नका. तुम्हाला घाई करायची आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. मोटार अपघात दाव्याला आता कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. त्या मुदतीवर वरच्या कोर्टांत वाद झाले आहेत, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

डॉक्टर कदाचित वीस टक्के अपंगत्व लिहितील. पण सर्वोच्च न्यायालयाच्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार निकालाप्रमाणे, दुखापतीने कमाई किती घटली ते बघायचं असतं. वेल्डरचं उजवं मनगट म्हणजे त्याची भाकरी. समजा कोर्टाने कमाईतली घट 40 टक्के धरली : वर्षाचे 2,16,000, त्यातले 86,400 बुडाले. वर्षाचं नुकसान वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणतात, तुमच्या वयाला तो गुणक 15. झाले 12,96,000. दवाखान्याचा खर्च वेगळा.

एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, औषधांची मूळ बिलं आणि पगाराच्या स्लिपा एकत्र करा. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी सिव्हिल हॉस्पिटलला याच आठवड्यात जा. गाडीमालक पुन्हा आला तर त्याच्याकडून फक्त इन्शुरन्स पॉलिसीची प्रत मागून घ्या.