वाचक विचारतात: हायवेवर गतिरोधक का टाकत नाहीत?

प्रश्न: आमचं गाव धुळे-जळगाव हायवेला लागून, पारोळा-एरंडोलच्या मधी. रस्ता चौपदरी झाला अन् शाळा एकीकडे, अर्धं गाव दुसरीकडे. अंडरपास लांब, म्हणून लोकांनी डिव्हायडर फोडून वाट केलीय. गतिरोधकासाठी निवेदनं दिली, रास्ता रोको केला, नुसतं आश्वासन. आते काय करानं भाऊ? (एक वाचक, पारोळा तालुका)

उत्तर: भाऊ, आधी कडू ते सांगतो. गतिरोधक मिळणार नाही. नॅशनल हायवेवर ते टाकायचेच नाहीत असं केंद्राचं धोरण आहे आणि मला ते पटतं, कारण ८० च्या स्पीडची गाडी सेकंदाला २२ मीटर पळते, रात्री पुढच्याने अचानक ब्रेक मारला की मागचा कंटेनर सरळ त्याच्यावर. मागायचंच तर अंडरपास नाहीतर पायी पूल मागा, आणि तोवर रंबल स्ट्रिप (गाडी खडखडवणारे आडवे पट्टे), ब्लिंकर, लाईट.

पण हे मिळायला तुमची जागा ब्लॅक स्पॉट ठरावी लागते. साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, नाहीतर १० मृत्यू, असा हिशोब आहे. आणि हा हिशोब होतो पोलिसांच्या नोंदीवरून. आता आपल्याकडे काय होतं, पोराचा पाय मोडला, ट्रकवाल्याने दवाखान्याचं बिल भरलं, वर थोडे टेकवले, सरपंच मधी पडले, विषय मिटला. म्हणजे कागदावर तिथे काही झालंच नाही! निवेदनात तुम्ही लिहिता "रोज अपघात होतात" आणि तिकडे रेकॉर्डला एखादाच, मग साहेब तरी काय करणार. म्हणून गंभीर अपघात असेल तर मिटवू नका, नोंद कराच. आधीच्या नोंदी माहितीच्या अधिकारात पोलीस स्टेशनकडून मागवा, ग्रामसभेचा ठराव जोडा आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्या, जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष तेच असतात. जागा लिहिताना "मारुतीच्या देवळापाशी" नको, किलोमीटरच्या दगडावरचा आकडा लिहा.

राहिली डिव्हायडरची फट. एप्रिल महिन्यात आपल्याकडच्या उन्हात शाळेतल्या पोरांनी अंडरपासपर्यंत चालत जावं असं मी एसीत बसून सांगणार नाही, पण मोटरसायकल तरी तिथून काढू नका. गाडी फटीत उभी केली की पुढचं चाक फास्ट लेनमध्येच जातं. अन् डिव्हायडरमधली कण्हेर बघा, डोक्याएवढी वाढलेली असते, तिच्यामागून येणारं पोरगं ड्रायव्हरला दिसतच नाही. ती छाटायला कुठला सर्व्हे लागत नाही, हायवेच्या हेल्पलाईनला, १०३३ वर, तक्रार करा. एस्टीची वाट बघतानाही रस्त्याच्या कडेला घोळका नको, जुलै २०२३ मध्ये शिरपूरजवळ पळासनेरला कंटेनर थेट हॉटेलात घुसला होता.

प्रश्न: कापसाच्या सीझनला रात्री ट्रॉलीला मागून ठोकतात. रिफ्लेक्टर लावूनही उपयोग का नाही? (एक वाचक, चोपडा)

उत्तर: लावता कुठे ते बघा. ट्रॉली शिगोशिग भरली की कापूस मागे फुगून बाहेर येतो, वरून ताडपत्री लोंबते आणि फाळक्यावरची लाल टेप झाकली जाते. टेप खाली, चेसीच्या मागच्या पट्टीवर लावा आणि चिखल पुसत जा, सोबत बॅटरीचा ब्लिंकर टांगा. आणि पंक्चर झाल्यावर चाकाला लावलेले दगड निघताना उचला हो, ते तिथेच टाकून जायची आपली सवय फार वाईट आहे.

प्रश्न: जखमीला दवाखान्यात नेलं तर पोलीस मागे लागतात का? अन् ठोकून पळालेल्या गाडीचा नंबरच नसेल तर घरच्यांना काही मिळतं का?

उत्तर: २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं, मदत करणाऱ्यावर नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही. बिनधास्त १०८ लावा. गाडी सापडली नाही तर मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये, एप्रिल २०२२ पासून. अर्ज प्रांत किंवा तहसीलदाराकडे. मात्र इथेही पोलिसांत नोंद लागतेच.