वाचकांचे प्रश्न : पत्र्याचा रोहित आणि त्याचा एक पाय

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात ठाणे खाडीच्या निसर्गावर एक छोटे संग्रहालय उभे राहत आहे. त्याच्या दाराबाहेरच्या उघड्या चौथऱ्यावर त्रिकोणी पत्रे जोडून केलेला, एका पायावर उभा असलेला १२ फूट उंचीचा रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, बसवण्याचा विचार आहे. विद्यार्थ्यांनी संगणकावर आकृती केली असून तिच्यात सुमारे ४०० त्रिकोण आहेत. दोन फॅब्रिकेटरांना ती दाखवली. एकाने ‘पाय जाड करा’ असे सांगितले, तर दुसऱ्याने दरच दिला नाही. पाय जाड केला तर रोहिताचा शहामृग होईल. आम्ही काय करावे, आणि धातू कोणता घ्यावा?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : ज्याने दर दिला नाही त्याच्यावर रागावू नका, त्याला बहुधा पायाचीच काळजी पडली असावी. आपणही पक्षी बाजूला ठेवून आधी पाय सोडवावा.

रोहिताच्या पायात मध्यभागी मागे वळलेला जो सांधा दिसतो, त्याला सर्रास गुडघा म्हटले जाते, पण तो घोटा असतो; खरा गुडघा वर, पिसांत झाकलेला असतो. विद्यार्थ्यांच्या आकृतीत हा सांधा माणसाच्या गुडघ्यासारखा पुढे वळलेला नाही ना, हे एकदा पाहून घ्या. दुसरे असे की एका पायावर उभा राहताना हा पक्षी तो पाय तिरपा करून पाऊल शरीराच्या बरोबर मध्याखाली आणतो. यंग-हुई चांग आणि लीना टिंग या अमेरिकी संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की या स्थितीत मेलेला रोहितसुद्धा, स्नायूंचे काहीही बळ नसताना, एका पायावर तोलता येतो. त्यामुळे आकृतीत धडाच्या गुरुत्वमध्यातून ओळंबा सोडला तर तो पावलावरच पडला पाहिजे. तो हातभर बाजूला पडत असेल, तर पुढच्या सगळ्या खर्चाचे मूळ तिथेच आहे.

तोल साधला तरी वारा राहतोच. इमारतींवरच्या भारांसाठीच्या भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. उंचीचे आणि आकाराचे गुणक तूर्त बाजूला ठेवले, तर त्यातून प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ११८ किलो इतका दाब निघतो. कुशीकडून पाहिल्यास आपल्या पक्ष्याचे क्षेत्र २ चौरस मीटर धरू. म्हणजे वादळात जमिनीपासून अडीच मीटर उंचीवर कोणीतरी जवळजवळ २३५ किलोचा रेटा देत आहे, आणि तो सगळा एका पायाने झेलायचा आहे. यावर ‘जाड करा’ हे सरधोपट उत्तर झाले. बाहेरून ११४ मि.मी. व्यासाचा, साधारण साडेपाच मि.मी. जाडीचा पाईप वाकताना जितका भार सोसतो, जवळपास तितकाच भार त्याच प्रतीच्या पोलादाची ८० मि.मी. व्यासाची भरीव सळई सोसते. सळई थोडी अधिक लवते आणि मीटरमागे चाळीस किलो भरते, हे खरे; परंतु पाय बारीक राहतो. ती पावलाखालच्या बेस प्लेटपासून थेट धडाच्या आतल्या सांगाड्यापर्यंत नेली पाहिजे, आणि घोट्याशी कापून जोडण्याचा मोह टाळला पाहिजे. बेस प्लेट फाउंडेशन बोल्टांनी काँक्रीटच्या ठोकळ्यात जखडावी. दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि ०.६ मीटर खोल असा ठोकळा तीन टनांहून जड होतो. असे वजन जमिनीखाली असले म्हणजे वर नाजूकपणा परवडतो. हे आकडे अंदाजासाठी आहेत. अंतिम हिशेब आणि सही स्ट्रक्चरल इंजिनिअरचीच घ्यावी.

आता त्रिकोणांकडे वळू. ४०० हा आकडा संगणकाला सोपा आणि वेल्डरला जाच आहे. माझ्या मते १२० पुरेत, मात्र ते सारखे वाटू नयेत: मानेच्या वळणांना आणि चोचीच्या बाकाला भरपूर द्यावेत, पोटाला हात आखडता घ्यावा. रोहित ओळखू येतो तो मधोमध खाली मोडलेल्या चोचीमुळे, आणि ती मोड एक त्रिकोण वाचवण्यासाठी बोथट केली की पुढे गुलाबी रंग देऊनही काही साधत नाही. चौकोनी तुकडे टाळावेत. तीन बिंदू नेहमीच एका पातळीत असतात, चौथा हटकून बाहेर जातो आणि पत्र्याला पीळ पडतो.

मग ३०० जीएसएम (चौरस मीटरमागे ३०० ग्रॅम) कार्डाची, एकास दहा प्रमाणातली प्रतिकृती करा. ती साडेचौदा इंचांच्या आसपास होईल. ती सोनाराच्या काट्यावर तोला, अर्थात डिंक आणि चिकटपट्टी लावण्यापूर्वी. प्रतिकृती २४ ग्रॅम भरली, तर कार्ड ८०० चौरस सेंटिमीटर लागले. प्रत्यक्षात त्याच्या शंभरपट, म्हणजे ८ चौरस मीटर पत्रा लागेल. २ मि.मी. पोलादी पत्र्याचा चौरस मीटर १५.७ किलो भरतो, तेव्हा नुसती कातडीच सव्वाशे किलोंची झाली. ३ मि.मी. ॲल्युमिनियममध्ये तीच ६५ किलोंवर येते. कार्ड कापण्यापूर्वी ऑयलरचे सूत्रही लावून पाहा: आरपार भोक नसलेल्या बंद आकारात कोपरे आणि पृष्ठे यांच्या बेरजेतून कडा वजा केल्यास २ उरतात. १२० त्रिकोणांना १८० कडा आणि ६२ कोपरे हवेत. हिशेब चुकला तर एखादा तुकडा गाळला गेला आहे किंवा दोनदा आला आहे, असे समजावे. चोच पाठीला टेकवून मानेचे वेटोळे केले असेल, तर मात्र आरपार भोक पडल्यामुळे उत्तर शून्य येईल. ती चूक नव्हे.

कारखान्यात प्रत्येक तुकड्यावर क्रमांक आणि ‘आतली बाजू’ अशी खूण लेझर कटिंगच्या वेळीच कोरून घ्यावी. वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात मी मागे वळून पाहणारे हरीण करून घेत होतो. फर्मे पालथे ठेवून आखले गेल्यामुळे सगळे तुकडे उलटे कापले गेले, आणि मान डावीकडेऐवजी उजवीकडे वळली. सरळ पाहणारे हरीण असते तर कोणाच्या लक्षातही आले नसते. आपल्या रोहिताची मान वळलेली असल्यास हे ध्यानात असू द्या. तसेच शेजारशेजारचे त्रिकोण शक्य तितके एकाच पत्र्यात ठेवून कडा बेंडिंग मशीनवर मोडाव्यात, उरलेल्या कडांना आधी फक्त टॅक, म्हणजे ठिपक्यांएवढे वेल्ड, मारावेत आणि पूर्ण वेल्डिंग या टोकाचे थोडे, त्या टोकाचे थोडे असे करावे; सलग केल्यास पत्रा तापून फुगतो.

खाडीची खारी हवा पाहता कातडीसाठी मॉलिब्डेनम असलेले ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील उत्तम. ३०४ वर तपकिरी डाग लवकर उठतात. ते बजेटमध्ये बसत नसेल तर रंगवलेले ॲल्युमिनियम घ्यावे. पाय आणि सांगाडा साध्या पोलादाचा करून त्यावर जस्ताचा गरम मुलामा द्यावा, पण पातळ कातडी त्या ४५० अंशांच्या हौदात बुडवू नये, कारण ती वेडीवाकडी होते. ॲल्युमिनियम जिथे पोलादाला टेकेल तिथे नायलॉनचे वॉशर हवेत. दोन धातू आणि खारट ओलावा एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजू लागते. पोटाच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात बोटाएवढे भोक ठेवायला विसरू नका. एका पावसाळ्याचे पाणी आत साचले की आपण केलेला वजनाचा सगळा हिशेब चुकतो.

प्रश्न : असाच बिबट्या आम्हाला शाळेच्या संग्रहालयात, बंद खोलीत, नालीदार पुठ्ठ्याचा करायचा आहे. लांबी ६ फूट. तो पावसाळ्यात टिकेल का?
— एक शिक्षिका, ठाणे

उत्तर : पुठ्ठा तसाच ठेवला तर ऑगस्टपर्यंत बिबट्याचे पोट लोंबेल. तुकडे कापल्यावर, जोडण्यापूर्वी, दोन्ही बाजूंना आणि विशेषतः कापलेल्या कडांना पॉलिश पाजावे, कारण दमट हवा पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्यांच्या उघड्या तोंडांतून आत शिरते. पायांमध्ये पुठ्ठ्याच्या नळ्या उभ्या दिशेने येतील असे तुकडे आखावेत आणि चारही पंजे प्लायवूडच्या फळीवर स्क्रूने बसवावेत. फळीखाली इंचभर उंचीच्या पट्ट्या माराव्यात, म्हणजे लादी पुसताना पंजे भिजणार नाहीत.