मंडळाचा सगळा भार एकट्या अध्यक्षांवर

प्रश्न : आमच्या ले-आउटच्या रहिवासी मंडळाचं सगळं काम अध्यक्षच पाहतात. आता ते सोडतो म्हणतात, पुढे कोणी येत नाही. काय करावं? (वाचक, जि. यवतमाळ)

उत्तर : आधी कामं वाटा, पदं नंतर. पथदिवे एकाकडे, नाली दुसऱ्याकडे, बोअरची मोटर तिसऱ्याकडे. एवढ्यावर माणसं तयार होतात. खरं भांडण पैशाचं. वर्गणीची रोकड घरी राहिली की बी-बियाण्याच्या पैशात मिसळते. म्हणून पावतीबुक एकाकडे, रोकडवही दुसऱ्याकडे, आणि बँकेतून पैसे दोन सह्यांशिवाय निघू नयेत. ग्रामपंचायतीला अर्ज दोन प्रतींत द्या. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्याच, नाहीतर पाठपुरावा कशाच्या जोरावर करणार? पेरणी-वेचणीच्या दिवसांत बैठक ठेवू नका. अध्यक्षांना मात्र दोन महिने थांबवा, नव्यांना सोबत घेऊन पंचायतीत जाऊ द्या.