ओटीपी डोक्यात का टिकत नाही?

प्रश्न : वय 64. ओटीपी वाचते, पण बँकेचं ॲप उघडेपर्यंत शेवटचे दोन आकडे गायब! मुलगा म्हणतो, रोज हेडफोन लावून ‘थीटा लहरी’ ऐक. भाची म्हणते, ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) काढ. काय करू?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : ताई, सहा आकडे म्हणजे काही थोडंथोडकं ओझं नाही. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी 1956 साली एका वेळी सातेक गोष्टी ध्यानात राहतात असं म्हटलं. नेल्सन कोवान यांनी 2001मध्ये मर्यादा चारच्या आसपास आणली. बँकवाले तरुणांचाही अंतच पाहतात.

मर्यादा का, याचं मला भावलेलं उत्तर लिस्मन आणि इडिआर्ट या मेंदूच्या अभ्यासकांनी 1995मध्ये मांडलं. थीटा ही मेंदूतली सेकंदाला चार ते आठ वेळा येणारी संथ विद्युत लहर, गॅमा तीसच्या वरची, चपळ. ध्यानात धरलेली एकेक गोष्ट गॅमाच्या एकेका लहरीवर बसते आणि थीटाच्या दर फेरीत ओळीने जागी होते, अशी ती कल्पना. तबल्याचं आवर्तन आणि त्यातल्या मात्रा म्हणा ना. मात्रेची गती तीच ठेवून आवर्तन लांबवलं, तर जास्त मात्रा मावतात. 2018च्या एका प्रयोगात डोक्यावरून 4 हर्ट्झचा (सेकंदाला चार फेऱ्यांचा, म्हणजे लांब आवर्तनाचा) सौम्य विद्युतप्रवाह दिल्यावर नजरेने पाहिलेलं जास्त ध्यानात राहिलं, 7 हर्ट्झला कमी.

तुमच्या मुलाने बहुधा 2019चा बोस्टनचा प्रयोग कुठेतरी वाचला असेल. 60 ते 76 वयाच्या माणसांची स्मरणशक्ती त्यात सुधारली, परिणाम जवळपास 50 मिनिटं टिकला. पण तिथे कपाळ आणि कानशिलाकडच्या भागांचा ताल जुळवायला प्रत्येकाच्या थीटाप्रमाणे वीज दिली होती. हेडफोनमधल्या घुमणाऱ्या आवाजाची त्याच्याशी बरोबरी नाही. फुकट असेल आणि बरं वाटत असेल तर ऐका, पैसे मागितले तर बंद करा.

ओटीपी मात्र जोड्यांनी, मोठ्याने म्हणा : बेचाळीस, सत्तावीस, एकोणीस. सहाचे तीन झाले! तेवढ्यात बेल वाजली तर वाजू दे.

ईईजी नको. माझी उभी हयात त्या खोलीत गेली. तेल न लावता, केस धुऊन या, असं सांगूनही चपचपीत डोकं घेऊन येणारे रोज भेटायचे. डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या तारांवर अल्फा नावाची लहर डौलात उमटते, फिटचे झटके असतील तर त्यांच्या खुणा सापडू शकतात; ओटीपी का निसटला ते त्या कागदावर दिसत नाही. हां, ओळखीचा रस्ता चुकत असाल, कालचं अख्खं बोलणंच आठवत नसेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना गाठा, आणि भाचीला सोबत न्या.