लघवीला जळजळ झाली, म्हणजे किडनी गेली का?

रिपोर्टमध्ये पू-पेशी दिसल्या की "आता डायलिसिस लागणार" ही धास्ती घेऊन बायका माझ्याकडे येतात. एसटीत वाहक असलेल्या एक ताई अशाच आल्या. काही महिन्यांत दुसऱ्यांदा संसर्ग झालेला, लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतूंच्या तपासणीत, ई. कोलाय हा आतड्यातला जंतू निघालेला. सोनोग्राफी नॉर्मल होती, गोळ्या सुरू होत्या, तरी झोप उडालेली. चुलतसासूंचं डायलिसिस त्यांनी जवळून पाहिलं होतं. मी विचारलं, "त्यांना शुगर होती का?" होती, वीसेक वर्षांपासून. मग सांगितलं, की किडनी निकामी करणारी मोठी कारणं म्हणजे मधुमेह आणि रक्तदाब. मूत्राशयापुरता संसर्ग वेळेवर बरा केला, तर धडधाकट किडनी त्याने जात नाही.

कारण किडनी हात बांधून बसत नाही. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, म्हणून आतड्यातले जंतू मूत्राशयात सहज शिरतात. तिथून वर चढणं मात्र अवघड. मूत्रवाहिनी, म्हणजे किडनीतून मूत्राशयात लघवी आणणारी नळी, मूत्राशयाच्या भिंतीतून तिरकी जाते; मूत्राशय भरला की ती दाबली जाते आणि लघवी उलटी वर जात नाही. ई. कोलायच्या अंगावर कुसळांसारखे तंतू असतात, त्यांनी तो भिंतीला चिकटतो. किडनी युरोमोड्युलिन नावाचं प्रथिन लघवीत सोडते. ते या तंतूंनाच धरून ठेवतं आणि जंतू धारेबरोबर वाहून जातो. किडनीच्या काही पेशी लघवी आम्ल करतात आणि वाढीला लागणारं लोहही जंतूंच्या हाती लागू देत नाहीत. मला स्वतःला हे फार विलक्षण वाटतं.

ताई खुर्चीत जरा मागे टेकल्या. "मग मला पुन्हा का झालं?"

ड्युटीवर पाणी किती पिता, हे विचारल्यावर उत्तर मिळालं. "घसा ओला करण्यापुरतं. स्टँडवरच्या संडासात पाय ठेववत नाही, मॅडम." पहाटेच्या गाडीपासून दुपारपर्यंत लघवी दाबून धरायची. हा दोष त्यांचा नाहीच. पण धार थांबली की जंतूंना वाढायला निवांत वेळ मिळतो. कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांवरचा 2018 चा एक अभ्यास आहे. रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायल्यावर त्यांचा संसर्ग जवळपास निम्म्यावर आला.

मग आम्ही त्यांच्या रूटवरचे थांबे एकेक करून पाहिले. दोन ठिकाणची स्वच्छतागृहं बरी निघाली. तिथं लागली असो-नसो, जायचंच, असं ठरलं. गोळ्यांचा कोर्स मध्येच सोडायचा नाही, हेही बजावलं.

थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणं, उलट्या, यातलं काही झालं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. संसर्ग किडनीपर्यंत पोचल्याची ती लक्षणं असतात. गरोदर बाईने आणि मधुमेह किंवा मुतखडा असणाऱ्यांनी तर साध्या जळजळीलाही घरी थांबू नये.