सरांचा एच-इंडेक्स ५२, बाईंचा १४

प्रश्न : मुलीला मेंदूविज्ञानात पीएच.डी. करायची आहे. पुण्यातल्याच दोन लॅबमधून होकार आलाय. एका सरांचा एच-इंडेक्स ५२, दुसऱ्या बाईंचा १४. घरात सगळ्यांचं मत सरांच्या बाजूने आहे, ती मात्र बाईंकडेच जायचं म्हणते. तिला कसं समजवावं?
– एक वडील, कोथरूड

उत्तर : समजवायची घाई नको. ती बाईंचं नाव का घेते, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. ते आधी विचारा.

आता आकड्याकडे वळू. एच-इंडेक्स हे संशोधकाच्या कामाचं माप होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली सुचवलं. १४ म्हणजे निदान १४ पेपर (शोधनिबंध) असे, की प्रत्येकाला १४ किंवा जास्त सायटेशन, म्हणजे इतरांच्या पेपरांतले उल्लेख, मिळालीत. हा आकडा वयासोबत चढतो आणि सहसा उतरत नाही; माणूस निवृत्त होऊन कोकणात आंब्याची बाग बघत बसला तरी चढतोच. तेव्हा दोघांनी लॅब कधी सुरू केली, ते पाहिल्याशिवाय ५२ आणि १४ शेजारी मांडूच नका. शिवाय जॉन ओकीफ आणि दोस्त्रोव्स्की या मेंदूशास्त्रज्ञांचा १९७१चा छोटासा पेपर घ्या. उंदराच्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागात जागा ओळखणाऱ्या पेशी सापडल्याचं त्यात होतं. पुढे ओकीफना २०१४चं नोबेल मिळालं. त्या पेपरला हजारो सायटेशन आहेत, पण एच-इंडेक्सच्या हिशेबात तो एकच पेपर.

मुलीला गूगल स्कॉलर या पेपर शोधायच्या साइटवर दोघांच्या पेपरांची यादी वर्षानुसार लावायला सांगा आणि फक्त गेली पाच-सहा वर्षं बघा. या विषयात पहिलं नाव बहुधा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं असतं, शेवटचं लॅबप्रमुखाचं. बाईंच्या पेपरांवर पहिलं नाव त्यांच्या विद्यार्थ्यांचं आहे का? सरांचं नाव तीस-चाळीस जणांच्या गर्दीत मध्येच कुठेतरी येतं का? तसे पेपर वाईट नसतात, पण तुमच्या मुलीच्या थिसिसला त्यांचा उपयोग थोडा. रिव्ह्यू लेख, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा घेणारे, वेगळे काढा. त्यांना सायटेशन भरपूर मिळतात, प्रयोग मात्र दुसऱ्यांचे असतात. आणि कामाचा प्रकारही बघा. जिवंत प्राण्याच्या मेंदूत इलेक्ट्रोड घालून एकेका पेशीचे सिग्नल टिपणाऱ्या लॅबमधून एक पेपर निघायला वर्षं जातात. तिथे यादी आखूडच असणार.

मग दोन्हीकडच्या जुन्या विद्यार्थ्यांना ईमेल करू दे : पहिला पेपर कितव्या वर्षी आला, गाईड आठवड्यातून किती वेळा भेटायचे, सध्या तुम्ही कुठे आहात. चालू विद्यार्थ्यांशी बोलायचं तर लॅबबाहेर, चहाच्या टपरीवर. आत कुणी खरं बोलत नाही.

माझा कल? इतक्या माहितीवर तरी बाईंकडे. फक्त त्यांना एक गोष्ट न लाजता विचारावी : चालू प्रकल्पाची ग्रँट (संशोधनाचं अनुदान) अजून किती वर्षं आहे? उत्तर 'एक' आलं, तर मीही पुन्हा विचार करेन.